ओढ्याची वरची बाजू

माणूस गेला की लोक पहिल्यांदा एकच विचारतात, "अचानक?" या प्रश्नाला तिच्याकडे तयार उत्तर नव्हतं, आणि रोज नव्याने ते शोधायचं तिच्या अगदी जिवावर यायचं. "हो" म्हणावं तर ते पुरतं खरं नव्हतं. "नाही" म्हणावं तर समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसायचा. बाबा गेले ते सकाळी, खुर्चीतल्या खुर्चीत, मांडीवर पेपर तसाच. इतके गुपचूप गेले की चहा गार होतोय म्हणून आईने त्यांना दोनदा हाक मारली. हे अचानकच म्हणायचं. पण त्याआधी कितीतरी महिने ते जिन्याच्या वळणावर थांबायचे आणि भिंतीच्या फरशीवर बोट टेकवून म्हणायचे, "गारगोटे, हा बघ, शिंपला." गारगोटी हे त्यांनी तिला ठेवलेलं लाडाचं नाव. ती वाकून बघायची. फरशी कारखान्यात ओतलेली, सिमेंटची. तिच्यात शिंपला कुठून येणार? जन्मभर दगड वाचलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. ती त्यांचीच लेक, तिलाही कळत होतं. तरी ती "हो की" म्हणायची आणि त्यांचा दम खाऊन होईपर्यंत त्या नसलेल्या शिंपल्याकडे बघत राहायची.

दुकानदाराला ती "हो, अचानक" सांगायची आणि नातेवाइकांना "बरेच दिवस चाललं होतं". एकदा दुकानदार आणि मावसकाका एकाच वेळी दारात उभे राहिले तेव्हा तिची चांगलीच पंचाईत झाली.

विचारलं नाही ते फक्त पूरकाकांनी. ज्यांनी सगळी नोकरी 'अचानक' या एका शब्दावर काढली, ते आले, बाबांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले, आईला म्हणाले, "वहिनी, पाणी द्या," आणि पाणी पिऊन निघून गेले.

पूरकाका हे नाव तिनेच लहानपणी ठेवलेलं. काका आणि बाबा एकाच विभागात भूगर्भशास्त्र शिकवायचे, समोरासमोरच्या टेबलांवर. शहराबाहेर नदीने काळ्या कातळात घळ कापलेली आहे. इतकी खोल की काठावर उभं राहिलं तर पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं. ती घळ झाली कशी, यावर दोघांचं आयुष्यभर वाजलं. बाबा म्हणायचे, नदीने ती कणाकणाने कापली, लाखो वर्षं लागली. काका म्हणायचे, वरच्या डोंगरात दरड कोसळून प्रचंड तळं अडलं होतं, ते एक दिवस फुटलं आणि हा हा म्हणता घळ तयार झाली. बाबांनी "थेंबे थेंबे तळे साचे" म्हणायचं, काकांनी "साचलं ना? मग फुटलं!" म्हणायचं, हे जेवणाच्या टेबलावर इतक्या वेळा झालं होतं की आई तेवढ्यात भांडी उचलून न्यायची. काका बाबांना कासव म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी कासव आलं नाही की पूर स्वतः त्याच्या दारात यायचा. तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना.

विद्यापीठाच्या छोट्या संग्रहालयात ती वस्तूंची दुरुस्ती आणि जपणूक बघायची. बाबांमुळे लागली असं लोक म्हणायचे. ती बाबांना टाळायला वेगळ्या शहरात शिकली होती आणि फिरून तिथेच आली होती, पण हे कोणाला सांगत बसणार? संग्रहालय आता नव्या इमारतीत हलत होतं. रोज काहीतरी भिंतीवरून उतरायचं, पुसलं जायचं, गुंडाळलं जायचं. काम हातांचं होतं आणि डोक्याला फारसं काही मागत नव्हतं, हे त्या दिवसांत बरं होतं.

मग ओढ्याच्या सालीची पाळी आली.

मातीचे थर आहेत तसे घरी आणायची एक युक्ती आहे. काठावर चर खणायचा, त्याची भिंत तासून गुळगुळीत करायची, तिच्यावर पातळ सरस शिंपडायचा, जाळीचं कापड चिकटवायचं, वर आणखी सरस, आणि वाळलं की कापड सोलून काढायचं. कापडाबरोबर भिंतीचा बोटभर पापुद्रा येतो. याला विभागात साल म्हणायचे. सरस बारीक वाळूत कमी मुरतो आणि जाड वाळूत जास्त, म्हणून चराच्या भिंतीवर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या रेषा सालीवर उठून दिसतात.

ही साल दाराएवढी मोठी होती. घळीला एक लहान ओढा येऊन मिळायचा, त्याच्या काठावरची. आता तिथे रस्ता आहे. बाबांचं सगळं म्हणणं या सालीवर उभं होतं. वाहतं पाणी वाळू टाकतं तेव्हा तिच्या रेषा पाणी ज्या बाजूला जातं त्या बाजूला उतरत्या होतात. सालीवरच्या रेषा उजवीकडे उतरत होत्या. चौकटीच्या वरच्या पट्टीवर बाबांनी छापून लावलेला बाण डावीकडे होता, आणि त्याच्यापुढे अक्षरं: ओढ्याची वरची बाजू. म्हणजे उजवीकडे ओढ्याची खालची बाजू. म्हणजे पाणी वरून खाली गेलं, जसं कुठल्याही शहाण्या ओढ्याचं जातं. वर्षानुवर्षं थोडी थोडी वाळू टाकत. पूर नाही, तळं नाही, काही नाही.

रेषा उलट असत्या तर गोष्ट वेगळी होती. ओढ्यातून पाणी उलटं, वर चढतं ते एकाच कारणाने: खाली घळ काठोकाठ भरली आणि पाण्याला जायला दुसरी जागा उरली नाही म्हणून. हे काकांना जन्मभर हवं होतं, आणि नेमकं याच सालीपाशी त्यांचं घोडं पेंड खात होतं. शेवटी त्यांनी भांडून सालीखाली स्वतःची एक चिठ्ठी लावून घेतली होती: 'या निष्कर्षाशी असहमत असणारे अभ्यासक आहेत.' बाबा म्हणाले होते, "अभ्यासक आहेत म्हणजे तू एकटाच ना? मग अनेकवचन कशाला?"

"आदरार्थी आहे," काका म्हणाले होते.

साल उतरवायच्या दिवशी काका दुरुस्तीच्या खोलीत आले. दारातच थांबून त्यांनी आधी खोलीभर पाहिलं, जसं काही कोणी आधीच येऊन बसलं असेल.

"या काका, बसा."

"बसायला आलो नाही. उभ्या उभ्या एक काम सांगतो. माझी ती चिठ्ठी काढून टाक."

"कुठली चिठ्ठी?"

"कुठली म्हणजे! तुझ्या बापाच्या सालीखाली माझं शेपूट लोंबतंय ते." ते बसले. "तुमच्या प्रमुखबाईंचा फोन आला होता. नव्या दालनात एकच मजकूर हवा म्हणतात. दोन मतं लावली की बघणारे गोंधळतात म्हणे. मी म्हटलं, बाई, मी चाळीस वर्षं गोंधळलोय, माझं काही बिघडलं नाही. पण ठीक आहे. तू लिही, हळूहळू झालं. मी खाली सही करतो. त्याचं नाव, माझं नाव. संपलं."

"काका, तुम्हाला तसं वाटत नाही."

"मला काय वाटतं ते आता कोणाला सांगू? पालथ्या घड्यावर पाणी ओतायची मला सवय होती गं. घडाच राहिला नाही, तर नुसतं पाणी ओतत बसू?" ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "शुक्रवारी येतो. चांगलं पेन घेऊन येतो."

तिने हो म्हटलं. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. बाबांचं नाव, बाबांचं म्हणणं, खाली त्यांच्या सगळ्यांत मोठ्या विरोधकाची सही. गेलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय देता येतं?

दुपारी तिने चौकट खोलली. वरची पट्टी जुन्या खिळ्यांनी ठोकलेली होती. ती पक्कड लावून एकेक खिळा सावकाश ओढत होती. पट्टी निघाली. खालच्या फळीवर, इतकी वर्षं उजेड न लागलेल्या जागी, काळ्या रंगात ब्रशने काढलेली अक्षरं होती. तीच अक्षरं: ओढ्याची वरची बाजू. वळण आईचं. आणि पुढे बाण, उजवीकडे.

ती थोडा वेळ पक्कड हातात धरून उभी राहिली. मग तिला हसू आलं. साल म्हणजे आरसा. भिंत सोलून उलटी केली की डावं उजवीकडे जातं आणि उजवं डावीकडे. नवशिका हटकून चुकतो, चरासमोर उभं राहून जसं दिसलं तसा बाण काढतो. आई चुकली असणार. आणि बाबांनी ब्र न काढता, तिला न दुखवता, वर पट्टी ठोकून सरळ करून टाकलं असणार. हे अगदी बाबांसारखं होतं. तिने पट्टी बाजूला ठेवली आणि साल पुसायला घेतली.

घरी आली तेव्हा आई न्हाणीघरात स्टुलावर बसून दगड धूत होती. बाबांचे दगड. घरात प्रत्येक खिडकीत, प्रत्येक कपाटावर दगड होते आणि आई ते महिन्या-दोन महिन्यांनी बादलीत घालून जुन्या टूथब्रशने घासायची. ते गेल्यावरही तिने हे काम सोडलं नव्हतं. कोणासाठी, असं तिला विचारायची कोणाची छाती नव्हती.

"आई, ती ओढ्याची साल तूच काढली होतीस ना?"

"मग काय तुझ्या बाबांनी? ते परगावी परीक्षेच्या कामात अडकलेले. इकडे रस्त्याचं यंत्र काठावर येऊन उभं. त्या चालकाला म्हटलं, बाबा रे, जरा थांब, कापड वाळू दे. तो म्हणाला, बाई, तुम्ही भिंतीला कपडे घालता का?" आईने एक दगड उलटा करून घासला. "तू पोटात होतीस. सरसाच्या वासाने मळमळायचं. एक हात नाकाला, एक हात ब्रशला."

"आणि बाण? सगळं उलटं होतं ते लक्षात राहायचं तुझ्या?"

आईने तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिने भाताला पाणी लागतं का असं विचारलं होतं.

"न राहून सांगते कोणाला! पहिल्या सालीला चुकले होते ना मी. नवीन लग्न झालेलं, मोठ्या हौसेने काढला बाण, जसा दिसला तसा. विभागात टांगली. बाहेरून कोणी मोठे प्राध्यापक आले होते, त्यांनी पाहिलं आणि हसले. आणि तुझे बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, 'आमच्या घरी आरसा नाही वाटतं.'"

"बाबा असं म्हणाले?"

"म्हणाले. तरुण होते, चार माणसांत शेखी मिरवायची होती. मी काही बोलले नाही. घरी येईपर्यंत रस्ताभर रडले. ते शेजारून चालत होते, हातात छत्री, बोलायचं काय ते सुचेना. कानाला खडा लावला मी त्या दिवशी. पुढे एकही बाण सरळ काढला नाही. आधी सरळ मनात काढायचा, मग उलटा हाताने. ओढ्याच्या वेळी वरची बाजू माझ्या डाव्या हाताला होती, म्हणून फळीवर उजवीकडे काढला. आजही विचार, झोपेत सांगेन."

"मग बाबांनी नंतर कधी..."

"छे. त्यांनीही खडा लावला असणार. त्या दिवसापासून माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. मी म्हटलं, चुकत नाही आपण आता, आणखी काय पाहिजे?"

बादलीतलं पाणी गढूळ झालं होतं. "बदलू का?" तिने विचारलं, आणि आईने मान हलवण्याआधीच बादली उचलली. पाणी तिने मोरीत ओतलं आणि बादली नळाखाली धरली.

आईने बाण फिरवला होता. मग बाबांनी, तो फिरवलेला नाही असं धरून, पुन्हा फिरवला. कोणी कोणाला विचारलं नाही. एक वाक्य लागलं असतं: हा उलटा केलेला आहे ना? ते विचारणं म्हणजे छत्रीच्या रस्त्यावर पुन्हा चालणं, म्हणून बाबांनी विचारलं नाही. आणि आईला सांगावंसं वाटलं नाही, कारण न चुकलेल्या गोष्टीचं काय सांगायचं? रेषा उजवीकडे उतरत होत्या. वरची बाजू उजवीकडे होती. पाणी ओढ्यात उलटं चढलं होतं.

काका बरोबर होते. आणि शुक्रवारी ते चांगलं पेन घेऊन येणार होते.

पुढचे दिवस तिने काम केलं, घरी आली, झोपली. पट्टी तिच्या टेबलाखाली भिंतीला टेकून उभी होती. चार खिळे ठोकले की झालं. इतकी वर्षं राहिलं, आणखी राहील. बाबांच्या पाठ्यपुस्तकातलं ते पान, त्यांचे विद्यार्थी, त्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी, सगळे त्या बाणाच्या मागे डावीकडे तोंड करून उभे होते. दुसऱ्या बाजूला एक म्हातारा माणूस होता, जो प्रेमापोटी खोट्यावर सही करायला निघाला होता. आणि मधे आई. तिला वाटे, कोणीतरी येऊन हे आपल्या हातातून काढून घ्यावं. प्रमुखबाई येऊन मजकुराची आठवण करून गेल्या, एवढंच.

शुक्रवारी काका आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. तिने त्यांना बसवलं नाही, सालीपाशी नेलं आणि फळीवरची अक्षरं दाखवली. मग सगळं सांगितलं, आईने सांगितलं त्याच क्रमाने.

काकांनी खिशातून भिंग काढलं, रेषा पाहिल्या, खालपासून वरपर्यंत, पुन्हा वरपासून खालपर्यंत. मग भिंग मिटलं.

"म्हणजे मी बरोबर होतो."

"हो काका."

"हॅत्!" ते म्हणाले आणि मटकन स्टुलावर बसले. "आता बरोबर असून काय करू? तो असताना बरोबर निघालो असतो तर तीन दिवस घराबाहेर पडला नसता. चौथ्या दिवशी आला असता आणि काहीतरी खुसपट काढलं असतं." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने उगाच पुसला. "नाही, काढलं असतंच. थांब. तो इतक्यात हार मानणारा नव्हता. ये इकडे. हे बघ, वाळूच्या प्रत्येक थरावर काय आहे?"

"चिखलाचा पापुद्रा."

"आणि पापुद्र्यात?"

तिने वाकून पाहिलं. केसासारख्या बारीक, गंजाच्या रंगाच्या उभ्या खुणा. "मुळं?"

"मुळं. पूर आला, गेला, चिखल वाळला, त्याच्यावर गवत रुजलं, त्याची मुळं खाली गेली. मग पुढचा पूर. मग पुन्हा गवत. एका दिवसाचं काम आहे का हे? कासव काय म्हणाला असता सांगू? म्हणाला असता, पाणी ओढ्यात उलटं शिरलं, कबूल. पण ते आलं कुठून? घळीतून! म्हणजे घळ आधीच होती. तुझा पूर हा भाडेकरू रे. घर त्याने बांधलं नाही."

काकांचा आवाज चढला होता आणि त्यात मधे मधे बाबांचा आवाज येत होता; वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा, शिक्षकी. तिला सालीकडेच बघत राहावं लागलं.

"मग तुम्ही काय म्हणाला असता?"

"मी म्हणालो असतो, घर या भाडेकरूच्या आजोबाने बांधलं! यापेक्षा मोठा पूर, आधीचा."

"आणि बाबा?"

"तो म्हणाला असता, आजोबाचा दाखला आण." काका हसले, मग हसता हसता थांबले. खिशातलं पेन चाचपून म्हणाले, "आता माझी चिठ्ठी काढ. आणि तीच, तशीच, त्याच्या बाजूने लाव. असहमत असणारे अभ्यासक आहेत. तुमच्या प्रमुखबाईंना म्हणावं, गोंधळू देत माणसांना."

"आहेत लिहू?"

"मी आहे की. त्याचं मी सांभाळतो." ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. "वहिनींना मात्र सांगू नकोस. बाण आतला का बाहेरचा, त्यांना काय करायचंय? कारण नसताना त्रास."

ती हो म्हणाली नाही. सांगायचं नाही, दुखवायचं नाही, हेच तर त्या घरात इतकी वर्षं चाललं होतं, आणि त्याची फळी तिच्या टेबलावर उघडी पडली होती. त्या दिवशी ती लवकर निघाली. वाटेत दोनदा वाटलं, उद्या सांगू.

आई खिडकीत दगड परत लावत होती. तिने उभ्यानेच सांगितलं. आईने एक दगड ठेवला, मग दुसरा हातातच धरून ऐकलं.

"म्हणजे त्यांना वाटलं, मी पुन्हा तीच चूक केली."

"आई, त्यांना तुला दुखवायचं नव्हतं."

"माहीत आहे मला ते. त्याचाच तर राग आलाय." आई खुर्चीत बसली, बाबांच्या खुर्चीत, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "मी समजत होते, चुकत नाही म्हणून बोलत नाहीत. आणि ते समजत होते, चुकते म्हणून बोलायचं नाही. केवढा मोठेपणा! मला मूर्ख धरून सांभाळून घेतलं जन्मभर. आणि स्वतःचं पुस्तक त्याच्यावर लिहून मोकळे झाले." तिने हातातला दगड टेबलावर जरा जोरात ठेवला. "एकदा. एकदा विचारलं असतं तर तोंड झिजलं असतं का?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

हे आपण बोलायला नको होतं असं तिला लगेच वाटलं. आईने तिच्याकडे रोखून पाहिलं.

"हो. मीही नाही सांगितलं," आई म्हणाली. "पण माझा बाण बरोबर होता."

आई रडेल असं तिला वाटलं होतं. त्या तयारीने ती आली होती. आई रडली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने भांडी इतक्या जोरात घासली की शेजारच्या बाईंनी भिंतीवर टकटक केली.

सोमवारी आई संग्रहालयात आली. बोलावलं नव्हतं, विचारून आली नव्हती. काकाही तिथे होते, नव्या पाटीचा मजकूर घेऊन. त्यांनी तो तीनदा खोडून लिहिला होता आणि तिन्ही वेळा बाबांची बाजू लांब झाली होती. आईला बघून ते गडबडले.

"वहिनी, तुम्ही? बसा ना. म्हणजे, गारगोटीने सांगितलं वाटतं."

"तुम्ही सांगू नकोस म्हणालात तेही सांगितलं," आई म्हणाली. काका खाली बघायला लागले.

आई सालीपाशी गेली. बोट न लावता, बोटभर अंतरावरून ती रेषांच्या बरोबरीने हात नेत गेली, डावीकडून उजवीकडे, उतरत्या. मग तिने वर पाहिलं. फळीवरची काळी अक्षरं धुळीने फिकी झाली होती, बाणाचं टोक एका खिळ्याच्या भोकाने अर्धं खाल्लेलं.

"मी याच्यावर ब्रश फिरवतो," काका म्हणाले. "एकदम नवं दिसेल. किंवा नवी पट्टी छापून घेऊ."

"हात लावू नका."

"अहो, पण लोकांना दिसायला..."

"हात लावू नका म्हटलं ना. तो बरोबर आहे. ज्याला दिसत नाही त्याने जवळ यावं." आई लेकीकडे वळली. "आणि पाटीवर लिही, साल कोणी काढली."

"लिहिते."

"कितव्या महिन्यात काढली तेही लिहायला पाहिजे खरं तर. पण ते नको. प्रमुखबाई गोंधळतील."

काका हसले, आईच्या तोंडाकडे बघून गप्प झाले. तिने टेबलाखालची पट्टी उचलली. खिळे वाकलेले होते. काय करायचं हिचं, असं ती विचारणार होती. आईने आधीच हात पुढे केला, पट्टी घेतली, बाबांनी छापलेली अक्षरं एकदा वाचली आणि पिशवीत उभी घातली.

"घरी नेते. बोलायचंय मला याच्याशी."

निघताना ऊन चढलं होतं. आई झपाझप चालत होती. पिशवीतून वर आलेली पट्टी दर पावलाला तिच्या दंडावर आपटत होती, तरी पिशवी ती कोणाला देईना. रस्ता ओलांडताना तिचे ओठ हलायला लागले. आधी पुटपुटल्यासारखं, मग ऐकू येईल असं. "एवढा शहाणा माणूस... सगळ्या जगाचे दगड वाचता येतात... घरातल्या बाईला एक शब्द विचारायचा म्हटलं तर..." समोरून येणारा एक माणूस दचकून बाजूला झाला. आईचं लक्ष नव्हतं. मधेच ती थांबायची, जसं कोणी उत्तर देत असेल, आणि मग अधिकच चिडून पुढे निघायची.

लेकीच्या मनात आलं की पिशवी घ्यावी, हात धरावा, ऊन लागेल म्हणावं. पण बोलणं चाललं होतं ते तिच्याशी नव्हतं, आणि ते इतक्या वर्षांनी चाललं होतं. मधे पडायला नको म्हणून ती थोडी मागेच राहिली.